टॉवेलाखालचा सौदा

ओतूरहून निघालेल्या एसटीत माझी दीड वर्षाची लेक रडून गाडी डोक्यावर घेत होती. दाढ येत होती. शेजारी बैलबाजारातला एक म्हातारा दलाल बसला होता. त्याने बैलाचे दात बघावेत तसा अंगठ्याने तिचा ओठ उचलला. "दाढ लई नेटानं येतीय, भाऊ." मग खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकून, बाजारात गुपचूप भाव करतात तशी, खालून तिची बोटं दाबली. ती गप्प! तिनेही त्याची दाबली. मग टॉवेलाचं टोक चावायला घेतलं, ते सोडेचना. एवढ्यात त्याचं गाव आलं.

"ऱ्हाऊ द्या. एवढं चिवट गिऱ्हाईक मी बाजारात न्हाई बघितलं," म्हणत तो टॉवेल तिच्याकडेच सोडून उतरला.

दाढ केव्हाच आली. पण अजून घरी कुणी आलं, की ही आधी टॉवेल आणून त्यांचा हात झाकते.