बदली छाप, छाप बदली

सत्तरच्या दशकाच्या शेवटी सोलापूरच्या आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला आणि अख्ख्या हापिसात शहाणा मी एकटाच उरलो. पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स करून आलो होतो ना! हजेरीचा प्रोग्रॅम मीच लिहिला. त्याला हुकूम टाइप करून द्यायचा. आधी काय करायचं, मग कशाचं, शेवटी तिरकी रेघ मारून कसं. ‘छाप बदली /नाव’ म्हटलं की गैरहजर कामगारांच्या जागी लावायच्या बदली माणसांची यादी नावांसकट निघे. रेघेपुढचं ‘नाव’ विसरलं तर नुसते बिल्ल्यांचे नंबर. शब्द मराठी, अक्षरं आणि मांडणी साहेबाची. मला त्याचा कोण अभिमान!

चालवायचं होतं ते फाटकावर हजेरी घेणाऱ्या आमच्या टाइमकीपरना. मंगळवेढ्याकडचे, पन्नाशी उलटलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. रोज सकाळी कामाच्या आशेनं फाटकाशी उभा असलेला बदली कोण कुठला, कुणाचा हात कुठल्या मागावर बसलाय, सगळं तोंडपाठ. मॅनेजरसाहेबांनी मात्र सांगून टाकलं, शनिवारी माझ्यासमोर मशीन चालवा, नाहीतर खुर्ची सोडून गोदामात जा. मामांचा सगळा जीव त्या फाटकात.

आठवडाभर मी शिकवलं. मामा दर वेळी टाइप करायचे ‘बदली छाप’, आणि मशीन छापायचं, ‘व्हॉट?’ हा उर्मटपणाही मीच त्यात घातलेला. मी वैतागून म्हणायचो, मामा, आधी छाप, मग बदली.

“दारात आलेल्या मानसाला आदी नावानं हाक मारता, का आदी ‘बस’ म्हन्ता?” मामांनी विचारलं. “आन् मानसांची यादी म्हनायची, तर नाव येगळं मागायचं व्हय?”

शुक्रवारी जाताना त्यांनी हळूच विचारलं, दोन्ही बाजूंनी समजेल असं नाही का करता येत? येत होतं. अर्ध्या तासाचं काम. पण मी म्हणालो, मामा, नियम म्हणजे नियम. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शनिवारी मॅनेजरसाहेब खुर्चीमागे उभे राहिले. मामांनी एका बोटाने, जपून टाइप केलं, ‘बदली छाप /नाव’. रेघसुद्धा विसरले नाहीत. व्हॉट? बहिऱ्याला सांगावं तसं त्यांनी तेच पुन्हा, सावकाश टाइप केलं. व्हॉट? साहेब हसले. सोमवारी मामा गोदामात गेले.

पंधरा दिवसांनी मुंबईहून मोठे साहेब आले. त्यांना कौतुक दाखवायला आमचे मॅनेजरसाहेब स्वतः मशीनपुढे बसले आणि ऐटीत टाइप केलं, ‘बदली छाप’. व्हॉट? त्यांचे कान लाल झाले. मी चटकन म्हणालो, साहेब, चूक मशीनची आहे. अर्ध्या तासात दुरुस्त केली.

संध्याकाळी गोदामात जाऊन मामांना सगळं सांगितलं. ते चादरींच्या गठ्ठ्यांवर खुणा करत होते. हात न थांबवता म्हणाले, “बरं झालं. मशीनला मराठी आलं म्हना की.”

मग पुढचा गठ्ठा ओढत विचारलं, “फाटकावर बदल्यास्नी नावानं हाका मारता न्हवं अजून?”

मी हो म्हणालो. खरं तर रेघेपुढचं ‘नाव’ टाइप करायचा नव्या टाइमकीपरला कंटाळा होता, आणि फाटकावर नंबर पुकारत होते.