मुलगी पुसलेली फिल्म

कॉलेजात त्यांना कार्टूनबाई म्हणत, आणि तेही तोंडावर! बाईंना त्याचं काहीच वाटत नसे. घरी सासूबाई तर सरळ विचारत, “अगं, एवढं शिकलीस ती कार्टून बघायला?”

“कार्टून नाही हो आई, कार्टूनच्या मागचं!”

खरंच होतं ते. जपानी ॲनिमेशनमध्ये धावणारी, रडणारी माणसं वेगळी काढतात आणि मागचं रान, आभाळ वेगळं रंगवतात. माणसं हलतात, रान बहुतेकदा जागच्या जागी. बाईंचं म्हणणं असं, की पडदा आपल्याला हेच शिकवतो: हलतं ते महत्त्वाचं, बाकी सगळा देखावा. नद्याजंगलांची वाट लागते ती या सवयीपायी! म्हणून त्या कॉम्प्युटरवर माणसं पुसून टाकायच्या आणि उरलेलं रान तासन्‌तास बघत बसायच्या.

यंदा मात्र गळ्याशी आलं होतं. विद्यार्थी कमी, तेव्हा बाई शिकवायच्या तो हा विषयच बंद करायचा का, ते कॉलेजची समिती ठरवणार होती. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती. बाईंची झोप उडाली.

समितीसमोर त्यांनी फिल्म लावली आणि पडद्याकडे पाठ करून तोंडाचा पट्टा सुरू केला. “बघा, ही मुलगी कशी धावते! आता वळली. आता रडतेय.”

समिती डोळे फाडून बघत होती. शेवटी प्राचार्यांनी घसा खाकरला. “बाई, मुलगी कुठाय?”

बाईंनी वळून पाहिलं. अरे देवा! घाईघाईत पुसलेली फिल्म लावली होती. नुसतं गवत आणि एक झाड. आता संपलंच सगळं, म्हणत त्या बंद करायला धावल्या.

“राहू द्या, राहू द्या,” प्राचार्य म्हणाले. “गवत हलतंय, मग झाड का हलत नाही?”

“ते एकदाच रंगवून ठेवलंय, सर. त्याच्याकडे कोण बघणार, असं धरून.”

“हं.” प्राचार्यांची नजर सहज खिडकीबाहेर गेली आणि तिथेच अडकली. “इथे एक मोठं झाड होतं ना?”

सगळे खिडकीशी गेले. खाली नुसता खुंट होता, तोही जुना, काळा पडलेला. झाड कधी तोडलं ते कोणालाच सांगता येईना. मग सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. विषय त्यांचाच की!

बाई रोज त्याच वाटेने यायच्या. “मला माहीत नाही, सर,” त्या म्हणाल्या. मघापेक्षाही जास्त लाज वाटली त्यांना.

प्राचार्य जागेवर येऊन बसले. “विषय चालू ठेवा, बाई,” ते म्हणाले. “तुम्हालाही लागणार आहे तो.”