मावशींच्या विहिरीचं पाणी

आमच्या शेजारच्या मावशी कुणाशीही बोलताना आधी "थांब जरा" म्हणतात. आमच्या चामटोली गावात जयंतीच्या मिरवणुकीला पाणी पाजायचं ते त्यांच्याच विहिरीचं. गेल्या वर्षी त्यांच्या संडासाची जुनी टाकी तडकली, विहिरीला वास आला. जयंतीला मावशींनी विकतचे पाण्याचे जार मांडले आणि त्या मान खाली घालून बसल्या. त्या दिवशी "थांब जरा" ऐकूच आलं नाही.

नंतर त्यांनी ती टाकी फोडायला लावली, लांब उताराला नवी बांधून घेतली, विहीर उपसली, पाणी तपासून आणलं.

यंदा मिरवणूक येताच त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"थांबा जरा! पाणी पिल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाय!"

ढोल थांबले. माझ्या हातातली विकतची बाटली त्यांनी काढून घेतली आणि दारातल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतली.

"ते झाडाला," म्हणाल्या, आणि भरलेला तांब्या माझ्यापुढं धरला.