विमानाच्या शेपटाला

"हिला शेपटाला बांधू," मास्तर म्हणाले आणि सगळा वर्ग हसला.

शेपूट विमानाचं. चंद्रावर जाणाऱ्या विमानाचं. निपाणीच्या मराठी शाळेत मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. शनिवारी शेवटच्या तासाला मास्तर एका मासिकातली गोष्ट वाचून दाखवायचे. तीन मित्र पितळेचं विमान बांधतात आणि चंद्रावर निघतात. दर महिन्याला थोडी थोडी छापून यायची. त्या दिवशी मास्तरांनी विचारलं, आपण निघालो तर कोण काय होणार? कुणी कप्तान झालं, कुणी वैद्य. वकिलांची मुलगी दुर्बिणीजवळ बसणार होती.

मी बाहेर होते. व्हरांड्यात, खिडकीखाली. मांगाची पोर आत बसत नव्हती. मी उठले आणि गजाला हात न लावता विचारलं, "मास्तर, आन् मी?"

वकिलांची मुलगीच आधी बोलली. "अय्या, हिला कसं घ्यायचं? विमान बंद असतंय. आत हवा एकच. हिचा श्वास आमच्या पोटात जाईल की!"

तिचं बरोबर होतं. गोष्टीत तसंच लिहिलं होतं. चंद्राच्या वाटेवर हवा नाही, म्हणून ते तिघे चामड्याच्या पखालीत हवा भरून नेतात आणि तीच पुरवून पुरवून घेतात. मास्तरांनी थोडा विचार केला. खरंच केला, मला आठवतं. मग ते शेपटाचं बोलले.

मी म्हटलं, "भाईर हवा न्हाय मास्तर. गोष्टीत सांगितलंय."

"म्हणूनच की गं," ते म्हणाले.

पुन्हा हसू. मी खाली बसले. रडू आलं नाही. राग आला असंही नाही. पायाला मुंग्या येतात आणि मग पाय आपला वाटत नाही, तसं काहीतरी. पाटीवर विमान काढलं, पुसलं. पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच खिडकीखाली जाऊन बसले.

आमच्या गल्लीतली शिकलेली पोरं आता मला विचारतात, "आज्जी, ज्यांनी तुला बाहेर बसवलं त्यांच्या गोष्टीचं तुला एवढं वेड कशाला?" वेड होतं. गोष्टीतला एकेक शब्द मला पाठ होता. रात्री मी आयेला सांगायची, चंद्रावर डोंगर हायत. ती म्हणायची, चंद्रावर ससा हाय. मी म्हणायची, न्हाय, डोंगर. "मग ससा डोंगरावर बसला आसंल," ती म्हणायची आणि कुशीवर वळायची.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती. ती हवेची पखाल विमानात जाड दोरानं आवळून बांधली होती. तसं छापलेलं होतं. माझा बा घायपाताचे दोर वळायचा. सगळ्या गावाचे दोर आम्हीच वळायचो. चंद्रावर दोर गेला होता. वळणाऱ्याचं नाव कुठं नव्हतं.

त्या वर्षी सूर्याला ग्रहण लागणार होतं. आठ दिवस आधी मास्तरांनी ते फळ्यावर काढून दाखवलं. मग टेबलावर कंदील ठेवला, मोसंबं ठेवलं, मधे एक गोटी धरली. म्हणाले, "कंदील सूर्य, मोसंबं पृथ्वी, गोटी चंद्र. चंद्र मधे येतो म्हणून सूर्य झाकतो. राहू नाही, केतू नाही. पुढे सरकला की आपोआप सुटतं. लक्षात ठेवा." खिडकीतून मला मोसंबं अर्धंच दिसत होतं. पण मी लक्षात ठेवलं.

आमच्याकडे वेगळं होतं. राहू आमच्यातला, असं गाव म्हणायचं आणि आम्हीही म्हणायचो. तो सूर्याला धरतो. गावानं आम्हाला दान दिलं की सोडतो. म्हणून ग्रहण लागलं की आमची माणसं टोपल्या घेऊन दारोदार हाळी देत फिरायची. दे दान, सुटे गिराण. वर्षानुवर्षं.

ग्रहण सकाळी लागलं. आये मला घेऊन निघाली. वकिलांच्या दारात एक विटलेलं लुगडं वरून पडलं. मग आम्ही मास्तरांच्या दारात आलो.

मास्तर ओल्या धोतरानं सोप्यात जपाला बसले होते. त्यांच्या बाई जोंधळ्याचं सूप घेऊन पायरीवर उभ्या. अंगणात लिंबाचं झाड होतं. उन्हाचा रंग उतरला होता. मी मान खाली घातली आणि बघितलं तर झाडाखालच्या जमिनीवर नुसत्या चंद्रकोरी. पानांमधून पडणारे कवडसे एरवी गोल असतात. त्या दिवशी शंभरेक कोयत्या सांडल्यासारखे. प्रत्येक कवडशाला एका बाजूनं चावा घेतलेला. फळ्यावर मास्तरांनी काढलं होतं, तस्सं.

आयेनं हाळी दिली. बाई म्हणाल्या, "पोरीला पण म्हणायला लाव. सगळ्यांनी म्हटलं की लवकर सुटतंय."

मी म्हटलं नाही. आयेनं दंडाला चिमटा घेतला. "म्हन की गं. दातखीळ बसली व्हय?"

मास्तरांनी माळ थांबवली. "म्हण गं मोठ्यानं. तुमचा राहू, तुम्हीच सांगायला पाहिजे त्याला."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या पायाशीही त्या कोरी पडल्या होत्या. त्यांना दिसत होत्या. मी म्हटलं, "मास्तर, सावली हाय न्हवं ती? गोटीची?"

ते हळू म्हणाले, "शाळेतलं शाळेत. म्हण."

त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. उघडायचं नाही असं ठरवलं म्हणून नाही. ते उघडेचना. शेपटाचं बोलले तेव्हा मला वाटलं होतं, मास्तरांना माहीत आहे तेच बरोबर असणार. आता कळलं की त्यांना माहीत आहे आणि तरी ते मला ओरडायला सांगतात. राहूला ते भीत नव्हते. मी हाळी द्यायचं सोडलं तर काय, याला भीत होते.

बाई म्हणाल्या, "मग सुटायचं कसं बाई?" आये माझ्या वाटणीचं पण ओरडली. जोंधळे तिच्या पदरात पडले, थोडे मातीत. मी उभी राहून जमिनीकडे बघत होते. कोरी भरत गेल्या. हळूहळू सगळे कवडसे गोल झाले. माझ्या तोंडाशिवाय. आयेनं हाळी दिली म्हणून झाले, असं त्यांनी धरलं असेल. धरू दे.

वाटेत आयेनं थोबाडीत मारली. "तुझ्या ह्या तोंडानं उद्या त्येंचं दार बंद झालं म्हंजी? खायचं काय? चंद्रावरचं डोंगर?" तिचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

दार बंद झालं नाही. खिडकी झाली. त्या शनिवारी गोष्ट वाचायच्या आधी मास्तर उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकी लावून घेतली. गोष्ट अशा जागी आली होती की ते तिघे चंद्रावर उतरले आहेत, पखाल खडकाला घासून फाटली आहे आणि हवा निसटते आहे. मी फळीला कान लावला. आतून नुसता घूं घूं आवाज. मधेच सगळे ओरडले. का ओरडले, कळलं नाही.

पुढे दर शनिवारी खिडकी बंदच राहिली. चौथी संपली तशी मी तंबाखूच्या वखारीत कामाला गेले. ते तिघे परत आले की नाही, मला कळलं नाही.

पुढचं ग्रहण लागलं तेव्हा आयेनं टोपली काढली. मी म्हटलं, "मी न्हाय येनार." ती म्हणाली, "मार खाशील." मी म्हटलं, "मार." तिनं मारलं. मी गेले नाही. लग्नानंतर सासूनं टोपली पुढं केली, तिथंही गेले नाही. माझ्या तिन्ही लेकींपैकी एकीनंही ती हाळी तोंडातून काढलेली नाही. शाळेतलं मी घरात आणलं. मास्तरांना ते जमलं नाही, हा त्यांचा प्रश्न.

नात बेळगावात शिकवते. ती म्हणते, तिकडच्या एका जुन्या वाचनालयात ती मासिकं असतील, शोधते आणि तुला वाचून दाखवते. मी म्हटलं, शोध. वाचून दाखवू नकोस. आजवर ऐकली तेवढी पुरे. मी येणार, आत जाणार, टेबलाशी खुर्ची ओढून बसणार आणि अक्षर लावून लावून शेवटचं पान वाचणार. दिवस लागला तर दिवस. ते तिघे मेले असतील तर मेले. पण ते मी आत बसून वाचणार.