टोकमावशी आणि खोटे टाके

पडदा वर जातो. दिवे अजून मंद आहेत. मधोमध राजाचं सिंहासन, त्याच्या एका पायाखाली वीट. मागे रंगवलेला महाल, त्याच्या खिडकीतून दिसणारं रंगवलेलं आभाळ, आणि आभाळ जिथे फाटलंय तिथून डोकावणारा सुताराचा हत्यारांचा डबा. आता जरा विंगेत बघा. प्रेक्षकांना दिसू नये अशा कोपऱ्यात, तिपाईवर, एक ठेंगणी, रुंद, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई बसली आहे. मांडीवर नाटकाची संहिता असायला हवी, तिथे लोकरीचा गुंडा आहे. हातात सुया. हीच आमची टोकमावशी.

ती कंपनीची प्रॉम्प्टर. नट शब्द विसरला की हळूच पुरवायचा, एवढंच काम. त्यातलं 'हळूच' मावशीला जन्मात जमलं नाही. मी तेव्हा राजा होतो. छातीत बाण घेऊन मरत होतो. पहिल्याच प्रयोगाला भावनेच्या भरात बोलून गेलो, "प्रधानजी, तो पाहा, पूर्वेला सूर्य मावळतो आहे!"

"नाही! तसं नाही!" विंगेतून आवाज आला, पार शेवटच्या रांगेपर्यंत. "पश्चिमेला!"

प्रेक्षागृह हसून लोळलं. मी बाणासकट उठून बसलो, "पश्चिमेला" म्हणालो आणि पुन्हा मेलो. टाळ्या अशा पडल्या की व्यवस्थापकांनी ते नाटकातच ठेवून दिलं.

"मावशी, जरा दबक्या आवाजात सांगा ना," मी नंतर तोंडाचा रंग पुसताना म्हणालो.

"का म्हणून? चूक एवढ्या मोठ्याने केलीस, आणि मी दुरुस्ती कानात सांगू?"

हे टोकणं तिला घरून मिळालेलं. गाव वसायच्या आधीपासून या खोऱ्यात राहणारी जी माणसं, ज्यांना गावातले नुसतं 'डोंगरातले' म्हणून मोकळे होत, त्यांच्यातली ती. त्यांच्या जुन्या गोष्टी कागदावर नव्हत्या. त्या नणंद-भावजयींच्या तोंडी होत्या. वहिनीने सांगायचं आणि नणंदेने टोकायचं. सांगणारीने मधेमधे मुद्दाम खोटा टाका घालायचा, म्हणजे डावीकडचं उजवीकडे, काळ्याचं पांढरं. टोकणारीने तो तिथल्या तिथे उसवायचा. उसवला नाही तर गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. नणंदेला भावजयीच्या चुका काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या रीतसर दिलेलं! एवढी कडक तपासणी मी कुठल्याही दप्तरखान्यात पाहिली नाही.

त्यातली मुख्य गोष्ट एका झऱ्याची. या खोऱ्यात त्यांची माणसं प्रथम थांबली ती त्या झऱ्यापाशी. झरा पुढे बुजला, त्यावर घरं झाली, घरं पाडून आमचं नाट्यगृह झालं. आमच्या इमारतीखाली तो कुठेतरी आहे, हे त्यांच्यातलं शेंबडं पोरही सांगे. नेमका कुठे, ते मात्र गोष्टीत. मावशी मला एकदा म्हणाली होती, "मी इथे नोकरीला थोडीच आलेय? पहाऱ्याला आलेय. माझ्या तिपाईखाली पाणी वाजतं, ऐक." मी कान लावला. खरंच काहीतरी टपटपत होतं.

पण गावाने ही गोष्ट कधीच मनावर घेतली नाही, आणि त्याला कारण झाले एक प्राध्यापक. माणूस लोण्यासारखा. टेपरेकॉर्डर घेऊन मावशीच्या वहिनीकडे गेले. वहिनी एकट्याच घरात. त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, रीतीप्रमाणे खोट्या टाक्यांसकट, आणि प्रत्येक टाक्याला थांबून वाट पाहिली. प्राध्यापक सभ्य. त्यांनी एकदाही टोकलं नाही! टाके सगळे तसेच राहिले. गोष्टीत सांगितल्याबरहुकूम ते नदीपलीकडे गेले, कोरडं ठणठणीत शेत उकरलं, आणि छापून मोकळे झाले: ही मनोरंजक दंतकथा आहे, तिला आधार नाही.

नणंद-भावजयीचं फाटलं ते तेव्हा. मावशी म्हणे, "एकटीने सांगितलंसच का?" वहिनी म्हणत, "तू कुठे होतीस? नाटकात!" त्यानंतर दोघी एका रस्त्यावर समोरासमोर आल्या तर एक जण उगाचच चप्पल झटकायला थांबे. मावशीची हिरवी विणलेली शाल त्या भांडणाच्या दिवशी वहिनीच्या घरी राहिली, ती राहिलीच.

आता दृश्य दुसरं. सकाळ. रंगमंचाखालची जुनी पोकळी भरून वर पक्की जमीन करायची असं विश्वस्तांनी ठरवलं होतं आणि दुपारी काँक्रीटच्या गाड्या येणार होत्या. मावशी व्यवस्थापकांच्या टेबलासमोर उभी.

"एकदा बुजवलंत की संपलं. मग आमची गोष्ट खरी होती की दंतकथा, हे कुणाच्या बापाला कळणार नाही."

व्यवस्थापक घायकुतीला आलेले. "मावशी, बरं, एक खड्डा. एकच! दाखवा जागा, सुतार खणेल. लागलं पाणी तर मी गाड्या परत पाठवतो. नाही लागलं तर पुन्हा झऱ्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली, आणि बाहेर येऊन माझी बाही धरली. चेहरा पडलेला. "मेले रे मी."

"का? दाखवा की जागा, तुमच्या तिपाईखालची."

"खड्डा एकच, तो नुसत्या आवाजावर कसा लावू? नेमकी जागा गोष्टीत, आणि मला गोष्ट कुठे येते? मला फक्त चुका येतात!"

खरंच होतं ते. टोकणारीला गोष्ट सलग सांगता येत नाही. समोर कुणी चुकलं तरच तिच्या तोंडून खरं बाहेर पडतं. वहिनीशिवाय ती म्हणजे कुलपाशिवायची किल्ली.

मी तालमीतून तसाच, राजाच्या अंगरख्यात, वहिनींकडे धावलो. वाटेत प्राध्यापकांचं घर लागलं, त्यांनाही उचललं. वहिनी दारातच उभ्या. उंच, सडपातळ, नाकावर रागाची कायमची वस्ती. मी सगळं सांगितलं.

"तिने बोलावलंय?"

"हो," मी म्हणालो. नाटकवाल्याला एवढं चालतं.

"मग खांद्यावर काहीतरी टाकते," त्या म्हणाल्या, आणि आतून हिरवी शाल घेऊन आल्या.

नाट्यगृहात पोहोचताच मावशीने शाल पाहिली. वहिनींनी मावशीने पाहिलेलं पाहिलं. मी म्हटलं, झाला खेळ. पण वहिनी सरळ मला म्हणाल्या, "आतून काय दिसणार, कपाळ? डोंगर दिसला पाहिजे. वर चला."

आणि मग, रसिकहो, दोन म्हाताऱ्या, एक राजा, एक प्राध्यापक आणि कमरेला हातोडी लावलेला सुतार अशी वरात लोखंडी शिडीने नाट्यगृहाच्या छपरावर चढली! पत्र्यांवर डागडुजीसाठी फळ्यांची वाट टाकलेली. वाऱ्याने माझा अंगरखा शिडासारखा फुगला. खाली रस्त्यावर माणसं जमायला लागली. व्यवस्थापक खालून ओरडत होते, "विमा नाही हो तुमचा कुणाचा!"

वहिनींनी डोळे मिटले.

"आपली माणसं आली तेव्हा तीन बहिणी पुढे चालत होत्या."

मावशीने ओठ घट्ट मिटून घेतले. तिचं भांडण अजून संपलं नव्हतं. वहिनी थांबून राहिल्या. वारा, पत्रे, खाली गर्दी, कुणी श्वास घेईना.

"तीन," वहिनी पुन्हा म्हणाल्या, जरा चढ्या आवाजात.

"नाही! तसं नाही!" मावशीच्याने राहवेना. "दोन!"

"दोन. धाकटीला तहान लागली."

"थोरलीला! धाकटी तर रडत होती."

"थोरलीला. ती जुळ्या डोंगरांकडे तोंड करून सरकत गेली, एक डोंगर दुसऱ्यामागे लपेपर्यंत."

मावशी गप्प. म्हणजे हे खरं! दोघी एकमेकींचे हात धरून खेकड्यासारख्या आडव्या सरकायला लागल्या. जुळे डोंगर जवळ आले, चिकटले, एक झाले.

"तेव्हा नदीचं वळण तिच्या उजव्या खांद्यावर होतं."

"डाव्या गं, डाव्या!"

"उजव्या," प्राध्यापक माझ्या कानात पुटपुटले. "माझ्या टेपमध्ये उजव्या आहे. म्हणजे मी नदीच्या पलीकडे..." आणि ते मटकन पत्र्यावर बसले. "बाई, मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही टोकलंच नाहीत," वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या. "मला वाटलं, भिडस्त आहात. घरी जाऊन एकटेच उसवत बसाल."

प्राध्यापक आधी चिडले, मग खुदकन हसले, आणि मग त्यांना हसू आवरेना. सुताराने त्यांची पँट मागून धरून ठेवली.

"मागे वळून पाहिलं," वहिनींनी आता डोळे उघडून गोष्ट पुढे नेली, "तर खिंडीच्या फटीतून पांढरा कडा पुरता दिसत होता."

"नुकता! नुकता दिसायला लागला होता!"

दोघी एकेक पाऊल मागे सरकत राहिल्या, कड्याचा नखाएवढा तुकडा उरेपर्यंत. "इथे," दोघी एका दमात म्हणाल्या. सुताराने त्यांच्या पायाजवळचा पत्रा काढला, पडद्याच्या दोराला वाळूची पिशवी बांधून आत सोडली. धप्प! आम्ही डोकी घालून पाहिलं. पिशवी बरोबर रंगमंचाच्या मधोमध, मी रोज मरतो त्या जागेवर.

मावशीच्या तिपाईपासून चांगली लांब.

"म्हणजे इतकी वर्षं," वहिनींच्या चेहऱ्यावर चांदणं पसरलं, "तू भलत्याच जागी बसून पहारा केलास!"

"मग माझ्या तिपाईखाली वाजत काय होतं?"

"नळ गळतोय मावशी," सुतार म्हणाला. "कधीचं सांगतोय मी यांना."

खाली जाऊन फळ्या उचकटल्या. सुतार पोकळीत उतरला. काठावर आम्ही सगळे उकिडवे. वहिनी म्हणाल्या, "पाण्याच्या तोंडाशी पांढरी शिळा," मावशी ओरडली, "काळी!" आणि तेवढ्यात खालून कुदळ खणकली. माती उपसल्याचा आवाज, मग शांतता, मग सुताराचा गळा:

"काळी आहे हो! घागरी ठेवून ठेवून खळगे पडलेत हिला!"

त्याने पहार घालून शिळा जराशी हलवली मात्र, पाणी आधी कुजबुजलं, मग खोकलं, मग हसत सुटलं. व्यवस्थापक घोट्याएवढ्या पाण्यात नाचत "गाड्या परत! गाड्या परत!" ओरडत रस्त्यावर धावले. प्राध्यापकांनी चष्म्यावरचे थेंब न पुसता दोन्ही बायकांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सगळं पुन्हा सांगाल? दोघी मिळून?" नणंद-भावजय एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या की रडत होत्या, मी नट असून मला ओळखता आलं नाही.

रंगमंचात आता तिथे एक लोखंडी जाळी आहे. मध्यंतरात लोक वाकून पाणी बघतात. मी त्या जाळीच्या काठावर पुढे कितीतरी वेळा मेलो, पाण्याच्या साथीने.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा ती डोळे मिटून पडली होती, बोलणं जवळजवळ थांबलेलं. उशाशी खुर्चीत वहिनी. मी मावशीचा हात धरला आणि झऱ्याच्या दिवसाची गोष्ट सांगायला घेतली. रीत आता मलाही ठाऊक होती. म्हणालो, "मग वहिनी आल्या, खांद्यावर निळी शाल घेऊन..." आणि थांबलो. वहिनीही थांबल्या.

मावशीने एक डोळा उघडला, आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींच्या खांद्याकडे.

"नाही. तसं नाही. हिरवी. आणि माझी आहे ती, अजून परत दिलेली नाही हिने."