हाताला पुरणारी खुंटी

आमच्या बालवाडीच्या बाईंना गावात कुणी नावाने ओळखत नसे. ‘खुंटीवाल्या बाई’ म्हटलं की परतूरच्या स्टेशनापासून बाजारापर्यंत कुणीही त्यांचं घर दाखवायचं. त्यांच्या पिशवीत पुस्तक एखाद्या दिवशी नसेल, पण सुताराकडून करून घेतलेल्या चार-दोन बाभळीच्या खुंट्या आणि हातोडी हमखास असायची. मोकळी भिंत दिसली की बाई थांबायच्या आणि तिच्याकडे बघत राहायच्या. भिंतीच्या मालकाला तेवढ्यानेच धडकी भरायची.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. बाईंचे यजमान स्टेशनावर नोकरीला होते. लग्नाआधी बाई हैद्राबादेत लहान मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. तिथे त्यांनी बड्या अंमलदारांच्या मुलांचं बालमंदिर पाहिलं होतं, आणि कुण्या परदेशी मासिकातलं एक चित्रही कापून आणलं होतं. बर्फाच्या देशातली शाळा. भिंतीवर अगदी खाली खुंट्यांची रांग, प्रत्येकीला एक कोट, आणि तीन वर्षांची एक पोर टाचा न उचलता आपला कोट काढून घेते आहे. बाई ते चित्र सगळ्यांना दाखवायच्या. “कोट आपल्याला नको, इथं उकडून मरू. पण खुंटी पायजे. पोराच्या हाताला पुरंल अशी, त्याची सोताची.”

आमच्या आया जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला जायच्या. तिथले पट्टे आणि चाकं म्हणजे जिवाशी गाठ, म्हणून रांगत्या-चालत्या पोराच्या कमरेला लुगड्याची चिंधी बांधून दुसरं टोक खांबाला बांधायची रीत होती. मीही तशीच बांधलेली वाढले. बाईंनी कारखान्याच्या मुनीमजींकडून मागचं रिकामं गोदाम मागून घेतलं, शेणाने सारवलं आणि मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर वीस खुंट्या ठोकल्या. पहिल्या दिवशी आमच्या गल्लीतली गंगूबाई पोराला घेऊन आली. तिने खुंटी निरखली, हलवून पक्की आहे का ते पाहिलं, आणि पोराच्या कमरेची चिंधी तिला करकचून बांधून समाधानाने कामाला निघाली.

“गंगूबाई, काय करून राह्यली?”

“बांधून चाल्ले. खुंटी झ्याक हाय बाई, वासरू बी तोडणार न्हाई.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली बसून गाठ सोडली. “ही पोराला बांधायला न्हाई गं. पोरानं काही टांगायला हाय.”

“त्याच्याजवळ काय हाय टांगायला?”

“आज न्हाई. उद्या आसंल, म्हणूनच जल्दी ठोकली.”

प्रत्येक खुंटीच्या वर, भिंतीवर एक चित्र असायचं. पोरांना वाचता येत नव्हतं, तेव्हा चित्र हीच त्यांची ओळख. कुणाची चिमणी, कुणाची घागर. माझ्या धाकट्या भावाने, दिगूने, भाकरी मागितली. बाईंनी एक गोल काढला आणि दिगू तिच्याकडे दिवसभर आशेने बघत बसला.

दिगू बालवाडीत कसा गेला, ते सांगायलाच हवं. मी सात वर्षांची होते आणि दिवसभर तो माझ्या कडेवर असायचा. मी त्याला घेऊन दाराशी उभी राहून बाईंची गाणी ऐकायची. एकदा बाई बाहेर आल्या. “तुझ्या आईनं खांब सोडला आन् तुलाच खांब केलं व्हय?” म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी हजर. आमचे वडील, बापू, म्हणाले, “पोरगी शाळंत गेली तर ह्याला कोण सांभाळंल? आन् हा तर दोनाचाच हाय.” बाई म्हणाल्या, “मी तीनाचा लिहिते. पोरगं थोडं जल्दी वाढलं तर कुणाचं बिघडलं?” दुसऱ्या दिवशी मी पहिलीत बसले. कंबर इतकी हलकी वाटत होती की मला बसवेना.

पुढच्या हंगामात कापूस बक्कळ आला आणि मुनीमजींना गोदाम हवं झालं. माणूस वाईट नव्हता. “बाई, बोबडी पोरं ही. सहाची झाली की जातील शाळेत. आत्ता काय शिकणार?”

“कारखान्याच्या शेठजींचा नातू हैद्राबादेत काय शिकतो?”

“तो शेठजींचा नातू हाय.”

“बराबर. तो सहाव्या वर्षी शाळंत येतो तवा तीन वर्सं पुढं चालून आल्याला असतो. त्या बर्फातली पोरं तर आणखी पुढं. आपली पोरं सहाव्या वर्षी कुठं चालाया लागत्यात, आन् मंग तुम्हीच म्हणता, ह्यायला डोकं न्हाई.”

गोदाम मात्र गेलंच. दिगू परत माझ्या कडेवर आला आणि माझी शाळा सुटली. त्या दिवसांत मला दिगूचा राग यायचा. त्याचा काय दोष होता, पण यायचा. तिकडे बाईंनी एकेक खुंटी उपटून पोत्यात भरली आणि चौथ्या दिवशी आपल्या रेल्वेच्या खोलीच्या मागच्या भिंतीत ठोकायला घेतली. यजमान घाबरले. “अगं, सरकारी भिंत हाय.” बाई हातोडी थांबवून म्हणाल्या, “मंग पोरं बी सरकारचीच हायत म्हणा.” पाचव्या दिवशी मी शाळेत होते.

दोन वर्षांनी यजमानांची बदली झाली. बालवाडी गंगूबाईने चालवायची ठरलं. बाईंनी तिला गाणी, खेळ सगळं शिकवून ठेवलं होतं, आणि गंगूबाईने आपल्या ओसरीची भिंत देऊ केली होती. जायच्या आदल्या दिवशी बाई तिथे खुंट्या ठोकत होत्या. मी शाळेतून येता येता थांबले. वीस झाल्या. मग त्यांनी पिशवीतून एकविसावी काढली, नवी, रंधा मारलेली, आणि दिगूच्या भाकरीशेजारी ठोकली.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“तुझी. तुझी राह्यलीच होती.”

“हिच्यावर चित्र न्हाई.”

“तुला कशाला चित्र?” त्यांनी रंगाची वाटी आणि काडी माझ्या हातात दिली. “लिही.”

मी गुडघ्यावर बसून लिहिलं. क, म, ल. ‘ल’चं पोट बिघडलं. बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. मी नऊ वर्षांची होते, उभी राहिले तर खुंटी माझ्या मांडीला लागत होती. टांगायला मात्र माझ्याजवळ काहीतरी होतं. मी खांद्यावरचं दप्तर काढलं, वाकले आणि तिला अडकवलं.