कांजीचा झगा

सुनेने आज साडीला कांजी केली, आणि त्या वासासरशी मला नागपुरातली मे महिन्यातली एक दुपार आठवली.

आमचे हे चर्चचे पाळक. सकाळपासून दोन दफनविधी करून, उन्हात सायकल हाणत घरी आले आणि बादलीत पाय सोडून बसले. तेवढ्यात महाल भागातला एक माणूस दारात आला.

"पाळकसाहेब, मायचं काही खरं नाही. प्रार्थनेले चला."

हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आज मले नाही होत वं."

मी त्यांचा प्रार्थनेचा, कांजी केलेला दुसरा झगा पुढे धरला. तेव्हा मला माझ्या त्या तयारीचा अभिमानच वाटला होता. ते उठले, ओल्या पायांतच चपला घातल्या. स्टोव्हवरचा चहा तसाच राहिला.

साहेबांनी देवाचा शब्द कधी मोडला नाही, असं लोक अजून म्हणतात. पण त्या दुपारी त्यांनी मोडला नाही, तो देवाचा नाही, झगा पुढे धरून दिलेला माझा शब्द.